पापणी नेमकी कशाने उतरली?

वरची पापणी डोळ्यावर ओघळू लागली की माणसे आरशाला विचारतात, मैत्रिणीला विचारतात, मोबाइलला विचारतात. डॉक्टरला विचारायची पाळी सगळ्यांत शेवटी येते. मोबाइलवरचे उत्तर ठरलेले असते: ऑपरेशन नको, टाके नकोत, रजा नको, तासाभरात पापणी घट्ट. कुणी यंत्र सुचवतो, कुणी इंजेक्शन, कुणी क्रीम, कुणी चेहऱ्याचा योग. या सगळ्यांत समान काय, तर सुरी नाही एवढेच. माझे म्हणणे असे की सुरी नसणे हा उपचार निवडायचा निकष होऊच शकत नाही. पापणी कशाने उतरली हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले की या बाजारातला बराचसा माल आपोआप बाजूला पडतो. जे उपाय उरतात ते बहुतेक साधे आणि स्वस्त असतात, त्यांतून कोणाला फारसा नफा होत नाही, आणि म्हणूनच त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

पापणीची कातडी ही शरीरातली सर्वांत पातळ कातडी. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. तिच्याखाली डोळा मिटणारा गोल स्नायू असतो, त्यामागे एक पातळ पापुद्रा, पापुद्र्यामागे चरबीची गादी आणि तिच्याही मागे पापणी वर ओढणारा मुख्य स्नायू. हा स्नायू पुढे रुंद होत जातो आणि पापणीच्या कडेजवळच्या टणक पट्टीला जाऊन चिकटतो. त्याला लागूनच म्युलरचा स्नायू असतो. तो आपल्या इच्छेने हलत नाही, पण जागेपणी पापणी दोनेक मिलिमीटर वर धरून ठेवायचे काम त्याचे. आता खिडकीचा पडदा आठवा. पडदा खाली आलेला दिसतो तेव्हा कापड सैल पडून लोंबत असेल, वरची दांडी खाली सरकली असेल किंवा ओढायची दोरी ढिली झाली असेल. पापणीचेही तसेच. कधी कातडी वाढून लोंबते, कधी भुवई उतरते, कधी उचलणाऱ्या स्नायूची दोरी ताणून पातळ होते. वय झाल्यावर पुष्कळांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या घडतात. पहिल्या प्रकाराला डॉक्टर डर्मॅटोकॅलेसिस म्हणतात, तिसऱ्याला टोसिस. बाहेरून मात्र सगळे सारखेच दिसते: डोळे बारीक, चेहरा थकलेला. दोरी सुटलेली असताना कापड आटवत बसलात तर पडदा होता तिथेच राहणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण कापड, दांडी की दोरी हे ओळखायला तज्ज्ञच लागतो.

ही तपासणी किती साधी असते ते मी माझ्या मावशीबरोबर गेलो तेव्हा पाहिले. टेबलावर एक बॅटरी आणि शाळेतल्या मुलाच्या कंपासपेटीत असते तशी प्लास्टिकची पट्टी, एवढीच सामग्री. डॉक्टरांनी समोर बसून बॅटरी तिच्या डोळ्यांवर धरली. बुबुळाच्या मधोमध प्रकाशाचा जो ठिपका चमकतो, तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी पट्टीने मोजले. निरोगी डोळ्यात ते चार-पाच मिलिमीटर असते. मावशीचे दीड भरले. मग त्यांनी अंगठा तिच्या भुवईवर ठेवला आणि म्हणाले, "मावशी, कपाळ सैल सोडा. अजून. आता खाली बघा, आणि आता मान न हलवता वर." अंगठ्याखाली भुवई अडकली आणि मावशीच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या गेल्या. त्याबरोबर पापण्या इतक्या खाली आल्या की निम्मे बुबुळ झाकले गेले. कित्येक वर्षे ती कपाळाच्या जोरावर डोळे उघडे ठेवत होती. घरात आम्ही तिला आठ्याळ म्हणायचो. टीव्ही बघताना हनुवटी वर करून बसायची, तर कोणीतरी म्हणायचे की हिला ताठा फार. त्या आठ्यांमागे राग नव्हता आणि त्या ताठ मानेमागे गर्वही नव्हता. तिला समोरचे दिसत नव्हते आणि दिसावे म्हणून तिचे शरीर जमेल ते करत होते.

त्याआधी तिने एका पार्लरमध्ये कातडी घट्ट करणाऱ्या यंत्राच्या बैठका घेतल्या होत्या. तिथे कोणी पट्टी हातात घेतली नव्हती. डॉक्टरांनी सांगितले की कातडीचा भाग किरकोळ आहे, स्नायू चांगला आहे, त्याची दोरी सुटली आहे. तो शोध लागायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

पापणी कधीकधी याहून गंभीर गोष्ट सांगत असते. सकाळी ठीक आणि संध्याकाळपर्यंत पडणारी पापणी मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराची असू शकते. अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितल्यामुळे हे नाव आपल्याकडे ओळखीचे झाले आहे. यात मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी धरली तर पापणी तात्पुरती वर येते, आणि डॉक्टर ही युक्ती निदानासाठी खरोखर वापरतात. एकाएकी एका बाजूची पापणी पडली, त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली, सोबत डोके दुखू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचे. बाहुली उलट लहान झाली असेल तर मानेतली रक्तवाहिनी किंवा फुप्फुसाचा वरचा भाग तपासावा लागतो. काचबिंदूसाठी रोज लॅटानोप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्टचे थेंब घालणाऱ्यांच्या डोळ्यांभोवतीची चरबी कमी होऊन वरची खोबण खोल दिसू लागते आणि पापणीही उतरू शकते. कडक कॉन्टॅक्ट लेन्स वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांची दोरी लवकर सैल पडते. सौंदर्याचे दुकान चालवणारा यातले काय ओळखणार? ते त्याचे कामही नाही. पण गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते, आणि तो नाही म्हणत नाही.

आता उपायांकडे वळू, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू: किती मिलिमीटर?

बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले बोटॉक्स, मुळात डोळ्यांच्याच औषधातून आले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरून पाहिले, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या जीन कॅरुदर्स पापण्यांच्या आकडीवर हे इंजेक्शन देत असताना भुवयांमधल्या आठ्या नाहीशा होतात हे त्यांच्या ध्यानात आले. पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांचा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढचा सगळा व्यवसाय त्यातून उभा राहिला. पापणीसाठी याचा उपयोग असा की भुवई खाली ओढणाऱ्या स्नायूंना थोडे ढिले केले की भुवई एक-दोन मिलिमीटर वर जाते. दांडी थोडीच उतरली असेल आणि कातडी फार लोंबत नसेल तर हा फरक डोळ्यांत भरतो, हे मान्य केले पाहिजे. असर टिकतो तीन-चार महिने. मात्र हेच औषध कपाळावर जास्त पडले तर मावशीसारख्या माणसाचा आधारच काढून घेतल्यासारखे होते. भुवई कोसळते आणि पापणी आधीपेक्षा जड होते. पसरून आतल्या स्नायूपर्यंत पोहोचले तर पापणी काही आठवडे पडून राहते. म्हणून सुई टोचण्याआधी पट्टी हवी.

दुसरा मोठा गट उष्णतेचा. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान कातडीतले कोलॅजन आकसते, पुढच्या काही महिन्यांत शरीर नवे कोलॅजन तयार करते, आणि कातडी थोडी घट्ट होते. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी रेडिओफ्रिक्वेन्सीच्या यंत्राला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली, भुवई उचलण्यासाठी अल्ट्रासाउंडच्या यंत्राला २००९ मध्ये. म्हणजे हे विज्ञान खोटे नाही. मिळणारी उचल मात्र पुन्हा एक-दोन मिलिमीटरच्या घरातली, तीही सगळ्यांना सारखी नाही, आणि वर्ष-दीड वर्षात ओसरत जाणारी. ज्याची कातडी पापणीच्या केसांवर येऊन टेकली आहे त्याला यातून कितीसा दिलासा मिळणार? चाळिशीतल्या, नुकतीच सैल पडू लागलेल्या कातडीला थोडा फरक जाणवेल. साठीतल्या लोंबणाऱ्या कातडीवर हे यंत्र चालवणारा आणि आधी मोजमाप न सांगणारा माणूस पैसे घेतो ते आशेचे.

यात आपल्या रंगाचा प्रश्न आहे, आणि तो जाहिरातीत कधीच येत नाही. त्वचेचे उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून प्रकार पाडणारी मोजपट्टी थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडली. आपल्याकडचे बहुतेक लोक तिच्यात चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. अशी त्वचा भाजली, सोलली, चिडली की बरी होताना काळी पडते. मुरमाचा डाग महिनोन्‌महिने राहतो हे आपल्याला घरचेच उदाहरण आहे. कार्बन डायऑक्साइड लेसरने पापणीची कातडी आकसते यात शंका नाही, पण जाहिरातीतली आधी-नंतरची छायाचित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असतात. गव्हाळ किंवा सावळ्या पापणीवर तोच लेसर त्याच जोराने चालवला तर सैल कातडीच्या जागी काळी कडी येऊ शकते, आणि ती घालवणे मूळ तक्रारीपेक्षा अवघड. जाणकार त्वचारोगतज्ज्ञ जोर कमी ठेवतात, आधी छोट्या भागावर चाचणी घेतात, उन्हाची बंधने घालतात. "तुमच्या कातडीवर याचा परिणाम वेगळा होईल" हे वाक्य ज्या दवाखान्यात ऐकू येत नाही तिथून उठून यावे असे मला वाटते.

डोळ्याची सुरक्षा हा तर कळीचा मुद्दा. पापणीवर उष्णतेचे काम करताना बुबुळावर कवच बसवावे लागते: लेसरसाठी धातूचे, रेडिओफ्रिक्वेन्सीसाठी प्लास्टिकचे, कारण धातूतून वीज वाहते. अल्ट्रासाउंडचा झोत तर नेत्रगोलाच्या वर धरायचाच नसतो. तो धरल्यामुळे मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जपानमध्ये सलूनमधल्या अशा यंत्रांमुळे इतक्या तक्रारी आल्या की २०२४ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने डॉक्टर नसलेल्यांनी हा उपचार करणे कायद्याविरुद्ध असल्याचे स्पष्ट केले. प्लाझ्मा पेनने पापणीवर ठिपक्याठिपक्यांनी कातडी जाळतात. त्याविषयी कॅनडाच्या आरोग्य खात्याने जाहीर इशारा दिला आहे. आपल्या शहरांत याच वस्तू केस कापायच्या खुर्चीशेजारी ठेवलेल्या दिसतात. सुरी नाही म्हणून ती शस्त्रक्रिया नाही, आणि शस्त्रक्रिया नाही म्हणून ती कोणीही करावी, असा हा सोयीचा तर्क आहे. जळण्याची खोली सुरीच्या खोलीपेक्षा हाताच्या ताब्यात कमी असते, हे मात्र कोणी सांगत नाही. फिलरचेही तेच. भुवईखाली भर घालून पापणी सावरता येते, पण त्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या मुख्य धमनीशी जोडलेल्या असतात. चुकून थेंब आत गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. हा धोका विरळा आहे, पण ज्याच्यावर ओढवतो त्याला दुसरी संधी नाही.

थेंबांची गोष्ट वेगळी आणि मला खरोखर आश्वासक वाटणारी. ऑक्सिमेटाझोलिन हे औषध आपण चोंदलेल्या नाकासाठी ओळखतो. त्याच्या ०.१ टक्क्याच्या, डोळ्यांसाठी बनवलेल्या थेंबांना जुलै २०२० मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या उतरलेल्या पापणीसाठी मान्यता मिळाली. म्युलरचा स्नायू आकसतो, पापणी सरासरी मिलिमीटरभर वर येते, असर काही तास राहतो. दोरी थोडी सैल झालेल्यांना एवढा मिलिमीटरही पुष्कळ असतो. कातडी लोंबत असेल तर मात्र शून्य उपयोग, कारण थेंबाला कातडीशी काही देणेघेणे नाही. आणि नाकाचे थेंब कोणीही डोळ्यात घालू नयेत. त्यांची बनावट डोळ्यासाठी नसते.

क्रीमबद्दल थोडक्यात. रेटिनॉइडने महिनोन्‌महिन्यांनी बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात, कॅफीनने सूज तात्पुरती ओसरते, काकडी आणि थंड पाण्याने बरे वाटते. लोंबलेली कातडी यातल्या कशानेही मागे जात नाही. चेहऱ्याच्या व्यायामावर शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला अभ्यास २०१८ मध्ये आला. वीस आठवडे टिकून राहिलेल्या सोळा स्त्रियांचे गाल थोडे भरल्यासारखे दिसले. पापणीबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. पापणी बोटांनी ताणून करायचे व्यायाम तर मी उलट थांबवायलाच सांगेन.

कारण पापणीचा सगळ्यात जवळचा शत्रू आपलेच बोट आहे. ॲलर्जीने डोळे खाजतात, आपण मुठीने चोळतो, पातळ कातडी रोज ताणली जाते, आत दोरीही ताणली जाते. चोळण्याचा बुबुळावरही वाईट परिणाम होतो. ॲलर्जीवर थेंब घेणे, चोळायचे थांबवणे, उन्हात गॉगल आणि टोपी वापरणे, काजळ किंवा मेकअप पुसताना कातडी न ओढणे: बिनशस्त्राच्या उपायांत हे पहिल्या रांगेत हवेत. घोरणाऱ्या, लठ्ठ माणसाची पापणी ढिली पडून झोपेत उलटत असेल तर झोपेतल्या श्वासाचा विकार तपासून घेणे हाही पापणीचाच उपचार. ज्यांना ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी चष्म्याच्या चौकटीला आतून तारेची छोटी कमान बसवता येते, ती पापणी उचलून धरते. दिवसापुरती पारदर्शक चिकटपट्टी लावता येते. पूर्व आशियात ती रोजच्या वापरातली गोष्ट आहे. या कमानीची किंवा ॲलर्जीच्या थेंबांची जाहिरात तुम्ही कधी पाहिली आहे?

आता सुरीबद्दलही न्यायाने बोलू. पापणीच्या कातडीचे ऑपरेशन सहसा जागा बधिर करून होते, तासाभरात आटोपते, टाके आठवड्याच्या आत निघतात, व्रण पापणीच्या घडीत लपतो. सर्जन आधी पेनाने खूण करतो आणि चिमट्याने कातडी उचलून बघतो की केस किंचित वर वळू लागतात का. भुवई आणि पापणीच्या केसांच्या रेषेमध्ये सुमारे वीस मिलिमीटर कातडी शिल्लक राहिलीच पाहिजे, नाहीतर डोळा मिटत नाही. धोके आहेत: कोरडेपणा, असमानपणा आणि क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव. पण काढायची कातडी ठळक लोंबलेल्या पापणीत आठ-दहा मिलिमीटर असू शकते, आणि यंत्र देते एक किंवा दोन. हे गणित समोर ठेवले की दर चार महिन्यांनी एक याप्रमाणे दहा वर्षांत तीस वेळा सुई घेणे हा कमी उपचार कसा, हे मला कोणी समजावून सांगावे. आपल्याला ही विद्या परकीही नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोपावर, म्हणजे पापणीचे केस आत वळून टोचण्याच्या विकारावर, जवाच्या आकाराची कातडी काढून केसाने शिवण्याची कृती दिलेली आहे. ज्याची कातडी जेमतेम सैल आहे त्याने सुरीकडे जाऊ नये. ज्याला कातडीमुळे दिसत नाही त्याने यंत्रांच्या रांगेत उभे राहू नये.

या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी मला लाज दिसते. पन्नाशीची बाई डोळ्यांबद्दल काही म्हणाली की घरातून ऐकू येते, "आता कशाला? वय झालं." तिची तक्रार नटण्याच्या खात्यात टाकली जाते. मग ती डॉक्टरकडे जात नाही. भिशीच्या पैशांतून, कोणाला न सांगता, पार्लरमध्ये जाते, कारण तिथे तिला कोणी हसत नाही. पुरुष तर बोलतच नाहीत. एसटीची पाटी वाचायला मान मागे टाकणारे, सुईत दोरा ओवताना एका बोटाने पापणी वर धरणारे, संध्याकाळी कपाळ दुखते म्हणून गोळी घेणारे कितीतरी लोक आपल्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कोणाला ताजेतवाने दिसावेसेही वाटत असेल तर त्यात गैर काय? दिसण्याची इच्छा आणि बघण्याची गरज या पापणीपाशी एकत्रच राहतात. त्यांची फारकत करून एकीची टिंगल केली की माणूस दोन्हीसाठी चुकीच्या हातात पडतो.

विम्यातही ही फारकत शिरली आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींनुसार सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळली जाते. वैद्यकीय गरज डॉक्टरने प्रमाणित केली तर अपवाद होऊ शकतो. ती गरज सिद्ध करायची रीत सरळ आहे. दृष्टिक्षेत्राची चाचणी दोनदा घ्यायची, एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर बांधून. दोन नकाशांतला फरक कोणालाही दिसतो. डॉक्टरांनी हे नकाशे मागितले पाहिजेत आणि रुग्णांनी त्यांच्या प्रती जपून ठेवल्या पाहिजेत.

माझी मागणी एवढ्यावर थांबत नाही. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि महाराष्ट्रात मोतीबिंदूची शिबिरे गावोगाव होतात. तिथे साठीच्या पुढची माणसे रांगेत बसतात, प्रत्येकाच्या डोळ्यावर बॅटरी पडते, केसपेपर भरला जातो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काहींची पापणी उतरते हेही डॉक्टरांना ठाऊक आहे. त्याच केसपेपरवर दोन रकाने वाढवावेत: प्रकाशाच्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर, आणि भुवई दाबून धरली असता खालून वर पाहताना पापणी किती सरकते तो आकडा. त्यासाठी लागणारी पट्टी कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, आणि ती वापरायला नेत्रसहाय्यकाला एका सकाळीत शिकवता येते.